ताजे हेरिंग

टोपीचं अस्तर उसवलं नसतं, तर एनिडला काही कळलंच नसतं.

रविवारी सकाळी बीफ ओव्हनमध्ये घालून ती खिडकीशी सुईदोरा घेऊन बसली. टोपी नाटकातली, नावाड्याची, निळ्या लोकरी कापडाची. शुक्रवारच्या तालमीहून अँब्रोज ती डोक्यावर घालूनच घरी आला होता आणि "अस्तर तेवढं टाचून दे गं, कपाळाला टोचतंय," म्हणून खुर्चीवर टाकून गेला होता. एनिडनं अस्तर उलटं केलं, तर आत शाईनं लिहिलेली एक ओळ. अक्षर नवऱ्याचं. ओळ नाटकातली, अगदी शेवटची, जिच्यानंतर पडदा पडतो.

ती ओळ इथेही सांगायची नाही. पहिला प्रयोग मंगळवारी होता, आणि थॉर्नसीच्या एम्पायर थिएटरात पहिल्या प्रयोगाआधी नाटकाची शेवटची ओळ कोणी तोंडातून काढत नाही. ती बोलली म्हणजे नाटक पुरं झालं, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे पुरं झालेलं नाटक पुढे चालत नाही, असं तिथली मंडळी आज्या-पणज्यांपासून मानत आली. तालमीत त्या ओळीपाशी आलं की काहीतरी भलतंच बोलून मोकळं व्हायचं. कोणी म्हणे "बटाटे शिजले", कोणी नुसतीच टाळी वाजवी. अँब्रोज पिकर्सगिल एकोणसाठ वर्षं एकच म्हणत आला होता: "ताजे हेरिंग!" त्याचा बाप थॉर्नसीच्या धक्क्यावर मासळी विकायचा, त्याची ही आरोळी.

या एकोणसाठ वर्षांत त्यानं शर्टाच्या कफावर, वर्तमानपत्राआड किंवा चहाच्या बशीखाली कधी एक शब्द लिहून ठेवला नव्हता. उलट लिहून ठेवणाऱ्यांची टर उडवायचा. "याच्या मनगटावर अख्खा दुसरा अंक आहे, बिचाऱ्याला हात धुवायची सोय नाही," असं एकदा एका नामवंत नटाच्या तोंडावर म्हणाला होता. आणि आता हे अस्तर.

एनिड एम्पायरमध्ये चौतीस वर्षं प्रॉम्प्टर होती. नटाला ओळ खरोखर आठवत नाही, की तो मुद्दाम थांबलाय, हे तिला त्याच्या श्वासावरून कळायचं. अँब्रोजच्या बाबतीत तर श्वासाचीही गरज नव्हती. तो मुद्दाम थांबला की हात स्वस्थ असायचे. अडला की डावा अंगठा शेजारच्या बोटावर घासायला लागायचा. ही खूण तिनं पन्नास वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, त्यालाही नाही. शुक्रवारी रात्री जेवताना मीठ मागता मागता तो अंगठा घासला गेला होता, तेव्हा तिनं तिकडे काणाडोळा केला.

तिनं अस्तर न शिवताच टोपी कपाटात ठेवली. दारावरची घंटा वाजली.

*

एक वाजता सगळे टेबलाशी बसले. थोरला डेस्मंड लीड्सहून आला होता. दातांचा डॉक्टर, अठ्ठेचाळीस वर्षांचा, बापासारखेच रुंद खांदे, पण ते कायम जरा वर उचललेले. त्याची बायको मॉरीन पाठ धरल्यामुळे घरीच राहिली होती. धाकटी हेस्टर आता एम्पायर चालवत होती, आणि हे नाटकही तिनंच बसवलं होतं. तिच्या शेजारी डेस्मंडची मुलगी ब्रायनी. गेल्या वर्षी तिनं कॉलेज सोडून आत्याच्या कंपनीत नाव घातलं, तेव्हा बाप-लेक चार महिने बोलत नव्हते. आता बोलत होते, पण मध्ये कोणीतरी बसलेलं असलं तर.

ग्रेव्हीत बुडवलेलं यॉर्कशायर पुडिंग आधी आलं. अँब्रोज रंगात होता. शहात्तर वर्षांचा, अंगावर जुना तपकिरी स्वेटर, आणि आवाज असा की मीठ मागितलं तरी ऐकत बसावं.

"परवा मासळी बाजारात एक बाई भेटली," तो म्हणाला. "म्हणते, 'स्टेशनमास्तर, हल्लची गाडी हल्ली उशिरा का येते?'"

"बाबा, तुमची ती टीव्हीवरची स्टेशनमास्तरची मालिका बंद होऊन सहा वर्षं झाली," हेस्टर हसली.

"तिला सांग ना. चौदा वर्षं दर रविवारी सातला मी तिच्या घरी हिरवं निशाण दाखवायला जात होतो. ती मला नाही विचारणार तर कोणाला?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" ब्रायनीनं विचारलं. तिला ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"सांगणार काय, गेलो स्टेशनवर. विचारून आलो. सिग्नलचं काम चाललंय, सोळा तारखेपर्यंत. तिला जाऊन सांगितलं, तर तिनं दोन मॅकेरल फुकट दिले."

"आणि ते मी साफ केले," एनिड म्हणाली.

सगळे हसले. डेस्मंडही हसला, पण लगेच काटा बशीत ठेवला. आईच्या ते लक्षात आलं. हा मुलगा लहानपणीही रडायच्या आधी असाच हातातली वस्तू नीट जागेवर ठेवायचा.

"बाबा, मला बोलायचंय."

"बोल की, दातवाले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?"

"शुक्रवारी मी ब्रायनीला न्यायला आलो होतो. लवकर आलो, म्हणून मागच्या रांगेत बसलो." त्यानं हेस्टरकडे पाहिलं नाही. "दुसऱ्या अंकात तुम्ही अडलात. पंधरा-वीस सेकंद. मी मोजले."

"नाटकात थांबायचं असतं रे कधी कधी," हेस्टर म्हणाली.

"हेस्टर, मला शिकवू नकोस. तो थांबणं नव्हतं. आणि शेवटी..." त्यानं काटा बशीत आणखी सरळ केला. "शेवटी तुम्ही टोपी काढलीत, नदीकडे बघितलंत, आणि काय ओरडलात माहितेय? 'ताजे हेरिंग!' नाटक नावाड्याचं आहे, बाबा. मासळीवाल्याचं नाही. आणि कोणी काही बोललंसुद्धा नाही. सगळे आपापल्या पिशव्या उचलून चालू लागले, जसं काही घडलंच नाही. मी रात्रभर झोपलो नाही."

आधी ब्रायनी फिसकन हसली. मग हेस्टरनं रुमालात तोंड खुपसलं. अँब्रोजनं खुर्चीत मान मागे टाकली आणि असा खदखदून हसला की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"अहो डॅडी!" ब्रायनी डोळे पुसत म्हणाली. "शेवटची ओळ तालमीत म्हणायची नसते! आजोबा तिच्याऐवजी कायम हेच म्हणतात. सगळ्या थिएटरला माहितेय!"

डेस्मंडचे कान लाल झाले. "मला कुठून माहीत असणार?" तो म्हणाला. "आम्हां मुलांना तालमीला कधी येऊ दिलंत? मी हॅलिफॅक्सला मावशीकडे वाढलो. सुट्टीत यायचो आणि थिएटरात 'जी' अक्षराच्या रांगेत तिकीट काढून बसायचो. ख्रिसमसला तुमचे दोन-दोन खेळ. या घरात मी कायम प्रेक्षकच होतो, बाबा. तुम्हाला भेटायचं म्हणजे समोर बसायचं."

हसू थांबलं. हे बोलणं या घरात पूर्वीही झालं होतं, पण अँब्रोजच्या तोंडावर कधी झालं नव्हतं. एनिडला वाटलं उठावं आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि तिच्या हाताला ग्रेव्ही होती.

"हेरिंगचं चुकलं माझं," डेस्मंड पुढे म्हणाला. "पण दुसऱ्या अंकाचं चुकलं नाही. ब्रायनी, तू स्टेजवर असतेस. खरं सांग."

ब्रायनीनं आजोबांकडे पाहिलं. तिचं वय वीस, आणि खोटं बोलायची सवय अजून लागली नव्हती.

"शुक्रवारी एक शब्द मी हळूच सांगितला," ती म्हणाली. "आणि बुधवारी दोन. पण डॅडी, बाकी सगळं... तुम्ही पाहिलं नाही का? आजोबा नाव वल्हवतात ना, तेव्हा स्टेजवर पाणी नसतं. मला दर वेळी पाय भिजल्यासारखं वाटतं. मी त्यांच्या समोर उभं राहून जे शिकले, ते कॉलेजात सात वर्षं बसून शिकले नसते."

"मी ते नाकारत नाहीये! बाबांएवढा मोठा नट मी पाहिला नाही. म्हणूनच सांगतोय. लोकांनी त्यांना अडलेलं बघू नये. लंडनहून टीकाकार येणार आहेत. उद्या पेपरात छापून येईल, बिचारा म्हातारा स्टेशनमास्तर. 'बिचारा' हा शब्द मला त्यांच्या नावाआधी वाचायचा नाही."

हेस्टर ताटात काटा फिरवत होती. मग सावकाश म्हणाली, "बदली नट तयार आहे. मिस्टर हेब्डन. पाठ आहे त्यांचं."

"हेस्टर!" ब्रायनी जवळजवळ ओरडली.

"काय करू? एम्पायर माझ्या गळ्यात आहे. आणि हे माझेही बाबा आहेत."

आता टेबलाच्या एका बाजूला दोघं भावंडं आणि दुसऱ्या बाजूला ब्रायनी एकटी. आल्यापासून एकमेकांशी फटकून असलेले डेस्मंड आणि हेस्टर पाच मिनिटांत एका नावेत बसले होते. अँब्रोज बीफचा तुकडा कापत होता, अगदी मन लावून.

"एक सोपी गोष्ट," डेस्मंड म्हणाला. "बाबा, ती शेवटची ओळ आत्ता म्हणा. इथे. आम्हा चौघांपुढे. म्हणालात तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

सुरी थांबली.

"म्हणायची नसते," ब्रायनी म्हणाली.

"या रिवाजाआड लपता येतं, ब्रायनी. पाच आठवड्यांत ती ओळ त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेली नाही. त्यांना येते की नाही, कोणाला माहीत आहे?"

हेस्टरनं मान वर केली. हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

एनिडनं नवऱ्याकडे पाहिलं. सुरी उजव्या हातात होती. डावा हात टेबलावर, आणि अंगठा बोटावर घासत होता. सावकाश, मागे-पुढे. पन्नास वर्षांत तिनं तो अंगठा शेकडो वेळा पाहिला होता, आणि दर वेळी दोन शब्द देऊन त्याला थांबवला होता. आज तिच्याजवळ द्यायला शब्द होते, पण इथे देता येत नव्हते.

"या घरात पहिल्या प्रयोगाआधी शेवटची ओळ कोणी म्हणणार नाही," ती म्हणाली. "डेस्मंड, बटाटे घे. गार होतायत."

"आई, तू तरी..."

"आणि मंगळवारी पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला मी बसेन."

"तू?" हेस्टर म्हणाली. "आई, तुझा खुबा. दोन तास त्या स्टुलावर?"

"उशी नेईन. ती तुझी नवी मुलगी अख्खी वाक्यं देते. नटाला अख्खं वाक्य दिलं की तो धर्मशाळेत जेवायला बसल्यासारखा दिसतो. दोन शब्द द्यायचे. तेवढ्यात उभा राहतो तो नट, नाही राहत त्यानं घरी जावं."

मुलं आईकडे बघत राहिली. ती टेबलाशी इतकं एका दमात कधी बोलत नसे. अँब्रोजनं सुरी खाली ठेवली.

"ठरलं," तो म्हणाला. "डेस्मंड, तू मंगळवारी ये. 'जी' रांगेत बस. मी अडलो आणि प्रेक्षकांना कळलं, तर बुधवारी मी स्वतः नावाड्याची टोपी खुंटीला टांगतो. लीड्सला येऊन तुझ्या दवाखान्यात बसतो, पोरांना रडू नका सांगायला. कबूल?"

"प्रेक्षकांना कळलं तर," डेस्मंड म्हणाला.

"शब्द दिला."

मग गोडाला ऱ्हुबार्ब क्रंबल आलं आणि कस्टर्डवरून थोडं भांडण झालं, नेहमीसारखं.

*

मुलं गेल्यावर अँब्रोज बशा पुसायला उभा राहिला. चौदा वर्षं देशभर ओळखला गेलेला हा माणूस बशा फार वाईट पुसायचा. एनिडनं कपाटातून टोपी काढून त्याच्यासमोर ठेवली, अस्तर वर करून.

तो बराच वेळ बशीच पुसत राहिला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"तालमी सुरू झाल्यापासून." त्यानं बशी ठेवली. "बाकी सगळं आहे गं. चाळीस वर्षांपूर्वी केलेला तो बटलर काढ, अख्खा म्हणून दाखवतो, त्याच्या खोकल्यासकट. या नाटकातलंही दुसरा अंक सोडला तर पक्कं आहे, आणि तोही मंगळवारपर्यंत होईल. पण ही सहा शब्दांची ओळ. तिथं आलो की धुकं. आपल्या समुद्रावर येतं ना, हात दिसत नाही, तसं."

"कारण तोंडानं म्हटली नाहीस. बाकीच्या ओळी तुझ्या जिभेला पाठ आहेत. या वयात डोक्यावर कोण विसंबतं?"

"तेच ना. जिभेला फक्त हेरिंग पाठ आहे." तो हसला, पण ओठांनीच. "मंगळवारी नऊशे माणसांपुढे टोपी काढीन, आणि बापाची आरोळी मारीन. लोक म्हणतील, काय खोल अर्थ आहे."

एनिडनं दार लावून घेतलं. "म्हण आत्ता. माझ्यापुढे. दहा वेळा म्हण. कोणाला कळणार नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं हे म्हणावं, याचंच त्याला नवल वाटत होतं. तिलाही वाटत होतं.

"सतरा वर्षांचा होतो," तो म्हणाला, "ट्रे घेऊन आत यायचं, 'गाडी आली आहे, बाईसाहेब' म्हणायचं, एवढंच काम. योगायोगानं तीच नाटकाची शेवटची ओळ. पाच दिवस तालीम केली आणि एकदाही म्हटली नाही. पहिल्या रात्री दारातून आत आलो. म्हटलं आणि पडदा पडला. त्या ओळीसारखी चव मला पुढे कुठल्याच ओळीला लागली नाही, एनिड. ना लंडनमध्ये, ना टीव्हीवर. कारण ती ताजी होती. लोकांनी आणि मी एकदमच ऐकली. आता शेवटी शेवटी शिळी करून वाढू?"

"मग टोपीत राहू दे. बघून म्हण."

"टोपीत बघितलं तर बाल्कनीतल्या शेवटच्या बाईलाही दिसेल, म्हातारा वाचतोय. नावाडी राहणार नाही." त्यानं टोपी तिच्याकडे सरकवली. "शिवून टाक."

"अँब्रोज."

"शिव. आली तर माझ्याकडून येईल. नाही आली तर तुझ्याकडून. दोन शब्द. जास्त देशील तर याद राख."

एनिडनं सुई ओवली. डोळ्यांत पाणी आल्यानं तीन वेळा दोरा चुकला. तिला त्याचा राग आला होता, आणि इतका अभिमान वाटत होता की तो रागातही मावत नव्हता. अस्तर तिनं बारीक टाक्यांनी शिवलं, पुन्हा कोणाला उसवता येऊ नये असं.

*

मंगळवारी साडेसहाला ती डाव्या विंगेतल्या आपल्या जुन्या कोपऱ्यात उशी घेऊन बसली. दहा वर्षांनी. दिव्याची झाकण लावलेली तीच बारीक ज्योत, तीच फळी, फळीवर पेन्सिलीला बांधलेला दोरा. नट अडून त्याला शब्द द्यावा लागला, की प्रॉम्प्टरनं पुस्तकात त्या जागी फुली मारायची, हा इथला नियम. खेळ संपल्यावर दिग्दर्शक फुल्या मोजतो.

हेस्टर येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. "'जी' रांगेत बसलाय," तिनं सांगितलं. "टाय लावून आलाय. दाताचं ऑपरेशन करायला निघाल्यासारखा."

पडदा उघडला. अँब्रोज वल्हं खांद्यावर घेऊन आत आला, आणि नऊशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तो थांबला नाही. मान तुकवली नाही. त्यानं वल्हं नावेत टाकलं आणि पाण्याचा अंदाज घेतला, आणि टाळ्या आपोआप बंद पडल्या, कारण लोकांना पाणी बघायचं होतं.

नाटक साधं होतं. नदीवर पूल झालाय, उद्यापासून नाव बंद. म्हाताऱ्याची बायको पलीकडच्या काठाची, तिकडेच तिला मूठमाती दिलेली. दिवसभर तो एकेका जुन्या उतारूला शेवटचा पार करतो. पलीकडचा काठ म्हणजे एनिडची विंग. दर वेळी तो तिच्याच बाजूला वल्हवत यायचा.

दुसरा अंक आला. जिथे शुक्रवारी वीस सेकंद गेले होते तिथे तो आला, थांबला, आणि एनिडनं पानावर बोट ठेवलं. हात स्वस्थ होते. त्यानं ओळ म्हटली, मग पुढची, आणि बाल्कनीत कोणीतरी हुंदका दिला. एनिडनं बोट उचललं. पन्नास वर्षांत तिनं त्याला इतकं चांगलं काम करताना पाहिलं नव्हतं. लंडनमध्ये त्याला बक्षीस मिळालं तेव्हाही नाही. तेव्हा तो दाखवत होता. आज तो नुसता होता.

शेवटचा प्रवेश. ब्रायनी, नाटकातली नात, धावत आली. "आजोबा, चला. अंधार पडतोय. पुलावरून जाऊ."

अँब्रोजनं टोपी काढली. टोपीत पाहिलं नाही. पलीकडच्या काठाकडे, म्हणजे एनिडच्या दिशेनं वळला आणि उभा राहिला.

थिएटर शांत झालं. आधी ती चांगली शांतता होती, लोक पुढे झुकून ऐकत असतात तशी. एनिडनं मनात आकडे म्हटले. चार. पाच. त्याचे डोळे तिच्या अंधारावर होते, आणि त्यांत काही नव्हतं. सहा. डावा अंगठा बोटावर घासायला लागला.

ओळ होती: "घाई नको. वाट माहीत आहे मला."

चौतीस वर्षं ती कुजबुजत आली होती, नटापुरतं, पहिल्या रांगेलाही न ऐकू जाईल असं. आज आवाज कुजबुजीपेक्षा मोठा निघाला.

"घाई नको," एनिड म्हणाली.

पलीकडच्या काठावरून बाईचा आवाज आला. नऊशे माणसांनी तो ऐकला. एनिडला वाटलं, संपलं, मी बुडवलं त्याला.

अँब्रोजचा अंगठा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. हाक ऐकलेल्या माणसाचं हसू. ते दोन शब्द त्यानं पुन्हा म्हटले नाहीत. ते तिचेच राहू दिले. टोपी छातीशी धरून त्यानं पलीकडच्या काठाला सांगितलं,

"वाट माहीत आहे मला."

पडदा पडला. टाळ्या यायला इतका वेळ लागला की हेस्टरनं विंगेत एनिडचा दंड घट्ट धरला. मग त्या आल्या.

*

डेस्मंड रंगपटाच्या दारात आला तेव्हा आत बाकी तिघं होती. अँब्रोज आरशासमोर, तोंडाला कोल्ड क्रीम. एनिड खुर्चीत, पुस्तक मांडीवर. ब्रायनी रडून रडून सुजलेली. सगळ्यांना रविवारचा शब्द आठवत होता.

"बाहेर लोक म्हणतायत," डेस्मंड म्हणाला, "काय लिहिलंय शेवटी. मेलेली बायको पलीकडून बोलते. टीकाकार बाई तर डोळे पुसत होती."

"आणि तू?" अँब्रोजनं आरशातूनच विचारलं.

डेस्मंड आत आला. टाय सैल केला.

"बाबा, लहानपणी मी 'जी' रांगेत बसून नाटक कमी आणि आईचा आवाज जास्त ऐकायचो. एरवी सुट्टीभर तो कुठे मिळायचा? कोणी अडलं की मला आनंद व्हायचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन."

अँब्रोजनं रुमाल खाली ठेवला. वळला. "म्हणजे कळलं तुला."

"कळलं."

"मग शब्द म्हणजे शब्द." म्हाताऱ्यानं टोपी उचलली आणि खुंटीकडे हात नेला.

डेस्मंडनं मध्येच ती घेतली.

"प्रेक्षकांना कळलं तर, असं ठरलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला आणि त्यानं तो फुटू दिला. "मी प्रेक्षक थोडाच आहे? मी घरचा."

त्यानं टोपी बापाच्या डोक्यावर घातली, जरा वाकडीच. अँब्रोजनं त्याचा हात धरला आणि सोडेना. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं, आणि एनिडनं या वेळी काही सुचवलं नाही.

हेस्टर फुल्या मोजायला आली, तेव्हा एनिडनं पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. शेवटच्या पानावर फुली नव्हती. शेवटच्या ओळीतल्या पहिल्या दोन शब्दांवर तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: पलीकडच्या काठावरून, बाईचा आवाज.

"रोज?" हेस्टरनं विचारलं.

"सहा आठवडे प्रयोग आहेत ना? उशी इथेच ठेवते."

अँब्रोज अजून मुलाचा हात धरून बसला होता. त्यानं मान वळवली, आणि बायकोकडे बघितलं, ते मात्र नटाच्या नजरेनं.

"उद्या जरा मोठ्यानं म्हण," तो म्हणाला. "मला आलं ऐकू. बाल्कनीत नीट गेलं नसेल."